चीड तोडला म्हणून बांज येत नाही

एप्रिल संपत आला की उत्तराखंडच्या वणव्यांचे व्हिडिओ फिरायला लागतात आणि आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर दर वर्षी तोच वाद पेटतो. एक गट म्हणतो की हे सगळं चिडामुळे, म्हणजे तिथल्या पाइनच्या झाडामुळे होतंय, इंग्रजांनी आणून लावलेलं झाड आहे, पेट्रोलसारखं जळतं, पाणी पितं, खाली गवताची काडी उगवू देत नाही, सरसकट तोडा आणि तिथे बांज, म्हणजे तिथला ओक लावा. दुसरा गट लगेच कुठला तरी तक्ता टाकतो की चीड भराभर वाढतो, कार्बन ओढून घेतो, एवढं बायोमास, म्हणजे झाडांचं वाळलेलं वजन, उभं असताना त्याला हात लावणं म्हणजे पाप आहे. मग आठवडाभर फॉरवर्डवर फॉरवर्ड, आणि जूनमध्ये पाऊस पडला की सगळे गप्प. मी गेली बारा-तेरा वर्षं कुमाऊँ-गढवालला जातोय, कधी ट्रेकला, कधी नुसतं राहायला, आणि मला मनापासून वाटतं की हे दोन्ही गट एकच चूक करतायत.

चूक ही की दोघांनाही जंगल म्हणजे एका जातीचं झाड वाटतं. कुठलं झाड वरचढ आहे आणि हेक्टरी किती टन आहे एवढं कळलं की निकाल लागला. माझं म्हणणं असं की एखाद्या उतारावर चीड वरचढ आहे की बांज, हे त्या उताराच्या गेल्या शंभर-दीडशे वर्षांच्या वापराचं फळ असतं, म्हणजे कोणी काय कापलं, काय जाळलं, काय विकलं आणि कोणाला जंगलाबाहेर ठेवलं याचं. तो वापर बदलला नाही तर चीड तोडून बांज येणार नाही, उघडा डोंगर येईल. आणि वापर बदलला तर बऱ्याच ठिकाणी चीड न तोडताच त्याच्या सावलीत बांज येतो.

आधी पहिल्या गटाचं खरं काय आहे ते नीट मान्य करतो, कारण त्यात खरं पुष्कळ आहे. ज्याने मे महिन्यात चिडाच्या जंगलातून चढण चढलीय त्याला हे सांगायची गरज नाही. पायाखाली पिरूल असतं, म्हणजे चिडाच्या सुया, एका झुपक्यात तीन-तीन, वीतभर लांब, वाळून तांबूस झालेल्या, बुटाची पकड बसतच नाही, दोन पावलं वर गेलं की एक पाऊल खाली. अल्मोड्याजवळच्या बिनसरच्या खालच्या बाजूला एकदा मी हाताने ते पिरूल बाजूला करत गेलो, कोपरापर्यंत हात गेला तरी सुयाच लागत होत्या आणि खालची माती पिठासारखी कोरडी. तिथून तासभर वर चढून बांजात शिरलो तर हवाच वेगळी, खोडांवर शेवाळ, नेचे, आणि पानं सारून माती उचलली तर काळी, ओलसर, मुठीत दाबली की गोळा होणारी. एकाच डोंगरावर, एकाच दिवशी. आता हे बघितलेल्या माणसाने चिडाला शिव्या घातल्या तर त्याला नावं कशी ठेवणार? जून २०२४ मध्ये त्याच बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेले वनखात्याचे कर्मचारी होरपळून गेले, त्याच उन्हाळ्यात नैनिताल भागातली आग विझवायला हवाई दलाची हेलिकॉप्टर्स भीमतालमधून पाणी उचलून नेत होती. हे कोणी उगाच रंगवून सांगत नाहीये.

बायोमासच्या बाबतीतही आकडे बांजाच्याच बाजूने आहेत. कुमाऊँ विद्यापीठातल्या जे. एस. सिंह आणि एस. पी. सिंह यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकात अक्षरशः झाडं तोडून, वाळवून, वजनं करून हे काम केलंय. त्यात चिडाच्या जंगलात हेक्टरी साधारण शंभर ते पावणेतीनशे टन बायोमास भरतं आणि चांगल्या जुन्या ओकच्या जंगलात, म्हणजे बांज, तिलंज वगैरे, तीनशेपासून वर सातशे टनांपुढेही जातं. यातला निम्म्याच्या आसपास कार्बन. म्हणजे "चीड कार्बनचा राजा" म्हणणाऱ्यांचा तक्ता नुसता वाढीचा वेग दाखवतो, साठा दाखवत नाही. वरून चिडाची एक खोडी अशी की सुई गळायच्या आधी झाड तिच्यातलं नायट्रोजन बरंचसं परत ओढून घेतं, खाली पडते ती निकस सुई, ती कुजवताना मातीतले जीवजंतू उरलंसुरलं नायट्रोजनही स्वतःकडे अडकवून ठेवतात आणि बांजासारख्या खाऊन-पिऊन वाढणाऱ्या झाडाला तिथे पाय रोवणं अवघड होतं. हे सगळं मान्य.

पण मग "इंग्रजांनी आणलं" हे कुठून आलं? चीड हिमालयाचाच आहे, पार पूर्वीपासून, अफगाणिस्तानच्या बाजूपासून भूतान-अरुणाचलपर्यंत साधारण पाचशे ते दोन हजार मीटरच्या पट्ट्यात, त्यातही दक्षिणेकडे तोंड केलेल्या कोरड्या, खडकाळ उतारांवर तो स्वतःच्या हक्काने उभा आहे. आपल्याकडे तर हे माहीत असायला हवं, कारण रामटेकवरून निघालेल्या मेघाला कालिदास काय सांगतो? हिमालयात पोचलास आणि सरल वृक्षांची खोडं एकमेकांवर घासून पेटलेला वणवा दिसला, ज्याच्या ठिणग्यांनी चमरी गाईंच्या शेपट्यांचे केस जळतायत, तर हजारो धारांनी तो विझव. सरल म्हणजे चीड, आयुर्वेदात आजही तेच नाव आहे. कुमारसंभवात हत्ती गाल खाजवायला सरलाच्या खोडावर अंग घासतात आणि गळणाऱ्या चिकाचा वास शिखरांवर पसरतो. म्हणजे झाड, त्याचा लीसा (तोच चीक) आणि त्याचा वणवा, तिन्ही गोष्टी दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवल्यात. इंग्रजांनी चीड आणला नाही.

त्यांनी काय केलं ते मात्र बघण्यासारखं आहे. १९११ ते १९१७ च्या दरम्यान कुमाऊँमधली गावांभोवतीची प्रचंड जंगलं राखीव करून टाकली. त्यांना हवा होता चीड, कारण लीशापासून टर्पेंटाइन आणि रोझिन निघतं, पहिल्या महायुद्धात त्याची मागणी वाढलेली, आणि चिडाचं लाकूड औषध पाजून रेल्वेच्या स्लीपरसाठी चालतं हे तेव्हा नुकतंच कळलेलं. बांज त्यांच्या हिशोबात बसतच नव्हता, वाकडंतिकडं लाकूड, फार तर हिल स्टेशनच्या शेगड्यांना कोळसा. आणि गावाच्या हिशोबात? बांज म्हणजे गाईम्हशींचा हिरवा चारा, शेतातलं खत, चूल, नांगर, आणि खालचा नौला, म्हणजे पायऱ्या बांधून काढलेला झरा. आता विचार करा, राखीव हद्द आखली, गावकऱ्यांना मोजक्या तुकड्यांवर ढकललं, त्याच तुकड्यांतल्या बांजावर सगळ्या गावाची कोयती चालायला लागली, वर्षानुवर्षं छाटून छाटून झाडांचे खांब झाले, अशा झाडाला बी कुठून धरणार? आणि बाजूच्या राखीव रानात चिडाचं पंखवालं बी उन्हाळ्यात वाऱ्यावर सुटतंय, त्याला तर उघडी जमीन आणि ऊनच हवं असतं. चीड जिंकला नाही, त्याला मैदान मोकळं करून दिलं.

ज्यांना हे पुस्तकी वाटतंय त्यांनी १९२१ आठवावं. जानेवारीत बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे आणि हजारो लोकांनी बेगारीची, म्हणजे सरकारी वेठबिगारीची, रजिस्टरं सरयू नदीत बुडवली, आणि त्याच उन्हाळ्यात कुमाऊँभर लोकांनी सरकारी जंगलं पेटवली. पण कुठली? चिडाची. रुंद पानांच्या जंगलांना जवळजवळ कोणी काडी लावली नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांना नेमकं माहीत होतं की कुठलं जंगल कोणाचं झालंय. वर्षभरात सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींचे, म्हणजे गावाने आपलं जंगल सांभाळायच्या पंचायतींचे, नियम आले. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते कारण आपण आज ज्याला इकॉलॉजीचा वाद म्हणतो तो पहिल्यापासून हक्काचा वाद आहे, आणि हक्काचा भाग गाळून नुसतं झाडाबद्दल बोललं की कुऱ्हाड घेऊन चुकीच्या माणसाच्या मागे लागल्यासारखं होतं.

आता "तोडा आणि बांज लावा" याकडे येऊ. पहिला प्रश्न, कुठे? दक्षिणमुखी, क्वार्ट्झाइटच्या कोरड्या उतारावर हजार मीटरवर बांज लावला तर तो जगणार नाही, कितीही ट्री-गार्ड लावा. तिथे चीड आहे म्हणूनच तेवढी माती तरी धरून आहे. बांजाचा खरा पट्टा साधारण बाराशे-पंधराशे मीटरच्या वर आणि त्यातही ओल धरणारे उत्तरेकडचे उतार. भांडण आहे ते मधल्या पट्ट्यातलं, जिथे बांज होता आणि चीड सरकत वर आलाय. दुसरा प्रश्न, आधी काय तोडणार? जगभरच्या मोठमोठ्या प्लॉट्समध्ये झाडं मोजून असं दिसलंय की सगळ्यात जाड एक टक्का झाडांमध्येच जमिनीवरचं जवळपास निम्मं बायोमास असतं. ठेकेदार काय रोपटी न्यायला येणार आहे? तो हीच जाड झाडं नेणार. म्हणजे आज उभा असलेला साठा निघून जाणार आणि बदल्यात मिळणार पिशवीतलं वीतभर बांजाचं रोप, ज्याला तीनशे टनांपर्यंत पोचायला कित्येक दशकं लागतील, तीही मधे वणवा आला नाही तर. आणि सगळी सावली काढलेल्या उघड्या उतारावर पहिलं कोण उगवणार? परत चीडच. त्याला तेच तर आवडतं! १९८१ मध्ये चिपकोच्या रेट्यामुळे हजार मीटरच्या वरची हिरवी झाडं व्यापारासाठी तोडायला बंदी आली. ती सरसकट बंदी फार ढोबळ होती, काही ठिकाणी विरळणी करायला हवी होती, हे मला पटतं. पण त्या ढोबळपणावर उतारा म्हणून तितकीच ढोबळ तोड आणायची, हे कसलं शहाणपण?

एका झाडाने डोंगर भरून टाकायची हौस नवी नाही आणि तिचा शेवटही बघून झालाय. जर्मनीत सॅक्सनीच्या बाजूला अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बीच आणि ओकची मिश्र रानं काढून रांगेत स्प्रूस लावले, कारण सरळसोट खोड, मोजायला सोपं, उत्पन्न आधीच वहीत लिहिता येतं. पहिली पिढी जोरात आली, दुसऱ्या पिढीत वाढ खुंटायला लागली, आणि हार्झ डोंगरातले स्प्रूस २०१८ च्या दुष्काळानंतर सालकिड्याने इतके खाल्ले की डोंगरच्या डोंगर करडे पडले. भारताचं वनखातं १८६४ मध्ये ज्यांच्या हाताखाली उभं राहिलं ते डिट्रिश ब्रँडिस जर्मनच होते, त्यामुळे मोजण्याजोगं झाड ते चांगलं झाड हा विचार आपल्या खात्याच्या हाडात आहे. आज कार्बनच्या नावाने तोच विचार परत येतोय. टेप घेऊन छातीच्या उंचीवर, म्हणजे साधारण १.३७ मीटरवर, खोडाचा घेर घ्यायचा, सूत्रात टाकायचा, टन काढायचे, टन विकायचे. मोजणीला माझा विरोध नाही, मी स्वतः एका सर्व्हेत चार दिवस टेप धरलाय. पण त्या टेपमध्ये नौल्याचं पाणी येत नाही, म्हशीचा चारा येत नाही, आणि मातीतला कार्बनही येत नाही. मग टेपवर निवडून आलेलं झाड डोंगराने का स्वीकारावं?

उलट उदाहरण शेजारीच आहे. नेपाळच्या मधल्या डोंगरात, सिंधुपाल्चोक-काभ्रे भागात, १९८० च्या आसपास उघड्याबोडक्या उतारांवर चिडाची खूप लागवड झाली. टीका झाली, आणि बरोबरच झाली, की हे कसलं जंगल, चारा नाही, काही नाही. पण गावांनी तिथे गुरं सोडणं आणि जाळणं थांबवलं आणि दहा-पंधरा वर्षांत चिडाच्या खाली चिलाउने, कटुस अशी रुंद पानांची देशी झाडं आपोआप वर आली, जुन्या बुंध्यांतून आणि पाखरांनी टाकलेल्या बियांतून. मग गावानेच ठरवलं की आता वरचा चीड किती विरळ करायचा. चीड तिथे दाईसारखा वापरला गेला. मला मान्य आहे की नायट्रोजनची अडचण खरी आहे आणि प्रत्येक उतारावर असं होणार नाही, पण "चिडाखाली काही उगवत नाही" हे वाक्य तरी नेपाळने खोडून काढलंय. उगवत नाही ते बहुतेक वेळा दर दोन-तीन वर्षांनी फिरणाऱ्या आगीमुळे आणि गुरांच्या तोंडामुळे. मोठ्या चिडाची साल जाड, त्याला आग सोसते, बांजाचं कोवळं रोप एका फेरीत संपतं.

पाण्याचा मुद्दा सगळ्यात भावनिक आहे, आणि असणारच, दोन किलोमीटरवरून डोक्यावर गगरी आणणाऱ्या बाईला तुम्ही आकडेवारी काय सांगणार. बांजाखालची माती जास्त पाणी मुरवते हे खरंच आहे. पण यातही उलटसुलट होतं, बांज ओलसर जागी येतो म्हणून त्याच्याजवळ झरे दिसतात, आणि आपण म्हणतो बांजाने झरा आणला. पुण्यातली ॲक्वाडॅम ही संस्था गेली कित्येक वर्षं हिमालयातल्या झऱ्यांवर काम करतेय, त्यांचा भर एकाच गोष्टीवर असतो, आधी खडक वाचा. पाणी कुठल्या बाजूने मुरतं, थर कुठे झुकलेत, भेग कुठे आहे. कित्येकदा झरा एका उतारावर असतो आणि त्याला पाणी पाजणारी जमीन डोंगराच्या पाठीमागे. मग झऱ्याच्या डोक्यावरचे चीड तोडून काय मिळणार? पौडीतल्या उफरैंखालला सच्चिदानंद भारती आणि तिथल्या महिला मंगल दलांनी डोंगरावर हजारो छोट्या चाली खणल्या, पाणी अडवायचे खड्डे, त्यांच्या कडेने बांज, बुरांस, उतीस लावले, आणि आटलेला ओढा परत वाहायला लागला. नुसतं झाड पुरत नाही, ओलही धरून ठेवावी लागते. 

आपल्याकडे पुण्याच्या टेकड्यांवर हाच वाद गिरिपुष्पावरून चालतो. ते तर खरोखर परदेशी, मध्य अमेरिकेतलं, आणि ते सरसकट लावणाऱ्यांनी चूक केली यात शंका नाही. तरी तिथेही जिथे एका फटक्यात साफ केलं तिथे पहिल्या पावसात घाणेरी आणि रानमोडी माजते हे टेकडीवर रोज जाणारा कोणीही सांगेल. हळूहळू, पट्ट्या-पट्ट्याने, खाली देशी रोप उभं राहिल्यावर काढणं याला वेळ लागतो, फोटो चांगला येत नाही, पण दुसरा रस्ता नाही.

मग करायचं काय? अल्मोड्याजवळ शीतलाखेतला, स्याहीदेवीच्या जंगलात, जे झालंय ते मला सगळ्यात पटतं. तिथे कोणी चिडावर मोहीम काढली नाही. त्यांनी बघितलं की बांज जातोय कशात. एक, नांगरात. लाकडी नांगरासाठी दर वर्षी चांगली बांजाची झाडं पडायची, तर अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी संस्थेने लोखंडी नांगर तयार केला, नावच व्हीएल स्याही हल. दोन, चुलीत, त्यावर गॅस आला. तीन, ओणमध्ये, म्हणजे शेताच्या बांधावरचा काटाकाडी जाळताना ठिणगी जंगलात जायची, तर गावांनी ठरवलं की हे जाळायचं काम मार्चअखेर संपवायचं, १ एप्रिलला ओण दिवस पाळायचा. त्यानंतर जंगलात जुन्या बुंध्यांतून बांज, बुरांस, काफळ आपोआप वर यायला लागले. एकही ठेकेदार नाही, कुठे मोठी लागवड नाही.

यावर कोणी म्हणेल की गावंच रिकामी होतायत, पलायन एवढं आहे, ही कामं करणार कोण? हा प्रश्न मला सगळ्यात जड वाटतो. पूर्वी बायका गोठ्यात अंथरायला पिरूल नेत, जंगल आपोआप साफ होई, आता गुरं नाहीत, माणसं नाहीत, सुया साठत जातात आणि एका बिडीत डोंगर जातो. २०२४ मध्ये सरकारने "पिरूल लाओ, पैसे पाओ" सुरू केलं, म्हणजे सरकारलाही कळलंय की माणसाशिवाय हे जंगल सांभाळता येत नाही. पण दर वेळी आग लागल्यावर काढलेल्या मोहिमेने भागत नाही. उत्तराखंडात अकरा हजारांहून जास्त वनपंचायती आहेत, त्यांना लीशाच्या उत्पन्नातला पैसा वेळेवर, पूर्ण हातात द्या, आपल्या हद्दीतला कुठला चीड विरळ करायचा आणि कुठला ठेवायचा हे ठरवू द्या, खात्याचा माणूस सल्ल्याला असू दे. मग पिरूल उचलायला माणूस मिळेल, कारण त्याचं काहीतरी तिथे असेल.

गेल्या मार्चमध्ये शीतलाखेतच्याच भागात एका दीदींबरोबर त्यांच्या वनपंचायतीत फिरलो. एक भला मोठा चीड होता, बुंध्यावर लीशाच्या जुन्या खाचा, खालून कमरेपर्यंत काळा, आणि एका खिळ्याला गंजका पत्र्याचा कप अजून लटकलेला. त्याच्या मुळाशी किलमोड्याचं काटेरी झुडूप. मी पुढे चाललो होतो, दीदींनी हाताला धरून थांबवलं, खाली बसल्या आणि काटे बाजूला सारून दाखवलं. आत बांजाची तीन रोपं होती, गुडघ्याएवढी, पानांच्या खालची बाजू पांढरट. काट्यांमुळे गाईचं तोंड तिथे पोचलं नव्हतं आणि तीन वर्षं आग आली नव्हती. मी विचारलं, हा वरचा चीड तोडायला हवा ना मग? त्या म्हणाल्या, आत्ता नको, ऊन लागेल त्यांना, माझ्या खांद्याएवढी होऊ दे, मग चिडाच्या खालच्या फांद्या उतरवू, पुढचं पुढे. आणि काटे होते तसे परत जागेवर लावून ठेवले.